संगी, पोट्ट्या उद्या त्याच मैदानावर चालल्या

प्रिय संगी,

लाइट गेली आहे. गिरणी थांबली, दळणाचे डबे रांगेत तसेच उभे आहेत, आणि मी अंगावरचं पीठ झटकून हे लिहायला बसले. उद्या आपल्या कॉलेजच्या पोट्ट्या कबड्डीचा सामना खेळायला देऊळगाव राजाच्या पुढे, जालन्याच्या वाटेवरच्या त्या कॉलेजात चालल्या आहेत. हो, तेच कॉलेज. तेच मैदान!

हे तुला कळवायलाच हवं होतं. आणि खरं सांगू? गेले कितीतरी दिवस गावात जे काही ऐकते आहे, ते ओकून टाकायला मला जवळचं एक माणूस हवं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ दे ना रेखे, काऊन आपलं डोस्कं तापवून राह्यली?" आता तुला म्हणता येत नाही. म्हणून यावेळी मी सगळं बोलणार आहे.

भाषेला हसू नकोस हं. तोंडात 'मले-तुले' असतं, पण पेन हातात आला की शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे येतात आणि हात आपोआप शहाण्या माणसासारखा लिहायला लागतो.

तर, उद्याच्या सामन्याचे सगळे जाणकार सध्या बसस्टँडसमोर, गजूच्या पानठेल्यावर बसतात. आपल्याच वर्गातला गजू. तेव्हा काडीसारखा होता, आता पोट काउंटरला टेकतं. बाकी काही बदललेलं नाही. सुपारी कातरता कातरता जगाचा निकाल लावायची सवय तीच.

"तथी आजवर कोनी जिकलं हाय का?" एक म्हणतो.

"पंच त्याईचा, मैदान त्याईचं, पब्लिक त्याईची. पोट्ट्या काय खेळतीन?" दुसरा म्हणतो.

"इज्जतीत हरल्या तरी लय झालं बाप्पा!" तिसरा थुंकतो आणि चहा मागवतो.

हे आपले चाहते, संगी! घरच्या मैदानावर सामना असला की हेच लोक अंगात आल्यासारखे नाचतात. गळ्यात रुमाल, तोंडात शिट्ट्या. मुलींनी पकड केली की जणू यांनीच केली. आणि बाहेरगावी जायचं म्हटलं की एकाच्या सोयाबीनला पाणी द्यायचं असतं, दुसऱ्याच्या सासऱ्याची तब्येत बिघडते. वर्षानुवर्षं तोच सासरा, बरं का. बिचारा अजून ठणठणीत आहे.

आणि फ्लेक्स लावला आहे! "चलो देऊळगाव राजा!" त्यावर मधोमध संस्थेचे अध्यक्षसाहेब हात जोडून, बाजूला गजू गॉगल लावून, खाली शुभेच्छुक म्हणून गावातली सगळी बेकार तोंडं. मुलींचा फोटो कुठे आहे म्हणशील तर कोपऱ्यात, तिकिटाएवढा, आणि नावं नाहीत. खेळणार कोण? तो कोपऱ्यातला ठिपका. मी रोज त्याच्याखालून जाते आणि रोज मला वाटतं, एखाद्या गाईनं हा खाऊन टाकावा.

तुला आठवतं का, आपण गेलो होतो तेव्हा काय झालं होतं? आपलं शेवटचं वर्ष. अख्खी टोळी आपल्याला निरोप द्यायला स्टँडवर आली होती. घोषणा देत देत एस.टी.त चढली सुद्धा. मला तर वाटलं, चला, निदान ओरडायला माणसं तरी आहेत. खामगाव आलं आणि सगळे धडाधड उतरले. सिनेमाला! गजू खिडकीखालून हात हलवत म्हणाला होता, "तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच मागच्या गाडीनं." ती मागची गाडी अजून यायची आहे, संगी.

पुढे आपल्यासोबत खेळाचे सर आणि त्यांच्या पिशवीतली लिंबं. बस, एवढीच आपली पब्लिक.

आणि ते मैदान! लोक पार रेषेला चिकटून बसलेले. कुणाकडे पत्र्याचे डबे, कुणाकडे ताशे. तू चढाईला निघालीस की डब्यांचा असा कल्लोळ उठायचा की पायाखालची माती थरथरायची. त्या गोंगाटात पंचाला स्वतःची शिट्टी तरी ऐकू येत होती का, देव जाणे. कबड्डीत सगळा खेळ दमाचा. चढाईवाली 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहिली पाहिजे आणि ते पंचाला ऐकू गेलं पाहिजे. त्या लोकांना हे बरोबर ठाऊक होतं. त्यांच्या मुली चांगल्या खेळत होत्या, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या पब्लिकला स्वतःच्या मुलींवर तेवढा भरवसा असता तर डबे बडवायची वेळ का आली असती?

शेवटची चढाई तुझी होती. दोन्हीकडचे गुण सारखे. तू गेलीस, झुकलीस, त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला हात लावलास. त्या मुलीनं मान खाली घातली. तिलाही कळलं होतं, शिवलं म्हणून. तू वळलीस, मध्यरेषेवर पाय टाकलास. मी आपल्या बाजूला डाव्या कोपऱ्यातून पुढे धावत आले होते, तुझ्या अगदी समोर. 'कबड्डी, कबड्डी' तुझ्या ओठांतून येत होतं. मी ऐकलं, संगी! माझ्या या कानांनी ऐकलं!

आणि शिट्टी वाजली. दम तुटला म्हणे.

"दम तुटला गं बाई, दम तुटला!" अख्खं मैदान एका सुरात गायला लागलं. तू मध्यरेषेवर उभी होतीस आणि तोंडातल्या तोंडात अजून कबड्डी म्हणत होतीस. तुला थांबवावं लागलं होतं.

मी पंचाच्या अंगावर धावले. सरांनी मागून ओढलं नसतं तर मी त्याची टोपी फाडली असती. तो काय म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला, "मला ऐकू आला नाही. मला ऐकू आला नाही म्हणजे तुटला." किती साधं, नाही? बाईमाणूस बोलत असलं, आणि ऐकणाऱ्याला ऐकू आलं नाही, तर ती बोललीच नाही!

एका गुणानं हरून आपण परत आलो. ते असो. खेळात हार असते. पण दुसऱ्या दिवशी गजूनं काय केलं? जो खामगावला उतरून सिनेमा बघत होता, त्यानं स्टँडवर उभं राहून सगळ्या गावाला सामना सांगितला. "असा पाय टाकला, अशी वळली, अन् रेषेवर येऊन पोट्टीचा दमच तुटला!" हातवारे करून. जसा काही तोच पंच होता.

आणि तुझं नाव पडलं, 'दमतुटी'.

हौदावर पाणी भरायला गेलीस तर दमतुटी. अंगणवाडीत लागलीस तर "दमतुटी आता लेकरांले काय शिकवीन व?" तुझ्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, गजूनं तुझ्या नवऱ्याला विचारलं होतं, "भाऊजी, दमतुटी पत्करली का तुम्ही?" आणि सगळी पंगत हसली. प्रल्हाद भाऊजी भोळे, त्यांना वाटलं लाडाचं नाव असेल. तेही हसले. मला त्या दिवशी वाढप्याच्या हातातली वरणाची बादली गजूच्या डोक्यावर ओतावीशी वाटली होती. तू डोळ्यांनी दटावलंस म्हणून राहिली.

तू काऊन हसत होतीस गं नेहमी? मला याचा फार राग आहे. कुणी दमतुटी म्हटलं की तू मान तिरपी करून हसायचीस, जसं काही समोरच्यानं गंमतच केली. मला सांगायचीस, "त्याईचं तोंड त्याईपाशी." अगं, पण ते तोंड त्यांच्यापाशी कुठे राहत होतं? सगळ्या गावात फिरत होतं!

आणि पुढे तर तू कळसच केलास.

तू संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणावर मुलींना कबड्डी शिकवायला लागलीस, तेव्हा मला आनंदच झाला होता. अंगणवाडीतून सुटलीस की पदर खोचून तिथे उभी. मग एक दिवस मी दळणाचे डबे पोचवून येत होते आणि पाहिलं तर तू एका लहान पोरीचा पाय हातात धरून तिला कसं वळायचं ते दाखवत होतीस. कोण ती? कोमल. गजूची कोमल!

मी तुला बाजूला ओढून काय काय बोलले, आठवतं? "तुले जराशी बी लाज नाई का व? ज्यानं तुही अशी इज्जत काढली, त्याच्याच पोट्टीले शिकवतं?"

तू धुळीचे हात पदराला पुसले आणि म्हणालीस, "दम तिचा हाय, रेखे. तिच्या बापाचा थोडी हाय?"

मी तुझ्याशी पुष्कळ दिवस बोलले नाही. तुझ्या घरचं दळणसुद्धा मुकाट्यानं दळून द्यायचे. पण पोरगी वाढत गेली, आणि मी खोटं बोलणार नाही, तिची चढाई बघितली की माझे पाय आपसूक डाव्या कोपऱ्यातल्यासारखे वाकायचे. असा उंच, सरळ दम! तुझाच सूर.

मग तुला कावीळ झाली. चार दिवस डोळे पिवळे, चार दिवस ताप, आणि आम्ही अजून तांदळाची पेज कशी द्यायची यावर बोलत होतो तोवर तू गेलीस सुद्धा. याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. लिहिलं तर पत्र पुढे जायचं नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, जेवणं व्हायची होती, तेवढ्यात अध्यक्षसाहेब गाडीतून उतरले. माइक हातात घेतला. "संगीताताई म्हणजे आपल्या महाविद्यालयाची शान! त्यांच्या बचावाला तोड नव्हती!" बचाव! तू जन्मात कधी बचावात उभी राहिलीस का? तू चढाईवाली, बचाव माझा! तुझ्या फोटोला हार घालताना सुद्धा त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. मग जाहीर करून टाकलं, "ताईंच्या स्मरणार्थ, मुलींचा पुढचा मोठा सामना जिथे असेल तिथे चाहत्यांसाठी मी स्वतः बस देईन." टाळ्या! सगळ्यात जोरात कोणाच्या, ते सांगायला हवं का? गॉगलवाल्याच्या.

यंदा पोट्ट्या एकेक सामना जिंकत गेल्या आणि शेवटी नेमकं तेच कॉलेज समोर आलं, त्यांच्याच मैदानावर. पानठेल्यावर आधी जल्लोष झाला, मग हळूहळू जालन्याच्या बाजूच्या पब्लिकच्या गोष्टी निघायला लागल्या. ते कसे डबे बडवतात, कसे रेषेवर येऊन बसतात, बाहेरच्या चाहत्यांना कसं चिडवतात. प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. तिथे गेलेला एकही नाही. घाबरवायला मैदान लागत नाही, नुसता पानठेला पुरतो.

मग बातमी आली की बस मिळत नाही. अध्यक्षसाहेबांच्या पुतण्याचा साखरपुडा शेगावला आहे आणि पाहुणे न्यायला बस लागणार. मी म्हटलं, आता तरी हे लोक चिडतील. छे! सगळ्यांचे चेहरे असे खुलले म्हणून सांगू! "आता बसच नाई म्हटल्यावर आपन काय करावं?" असं म्हणत जो तो मोकळा झाला. फ्लेक्सवरचं "चलो" अजून तसंच आहे. कुणीच चाललेलं नाही.

आणि परवा दुपारी गजू गिरणीवर आला. हातात डबा नाही, पिशवी नाही. मी पट्टा सुरू ठेवून नुसती पाहत राहिले.

"रेखाताई," तो म्हणाला.

ताई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बटण दाबून गिरणी बंद केली. हे तर नीट ऐकायला हवं होतं.

"काय काम हाय?"

"कोमल तुमचं ऐकते. तिले सांगा ना, पाय मुरगळला म्हन. सरले तसंच सांगू. दुसरी पोट्टी जाईन चढाईले."

"मुरगळला का पाय?"

"नाई ना. पन... तथी ते लोक कसे हाय, तुमाले तं माईत हाय." तो दाराच्या चौकटीला बोटं घासत होता. "सामन्यात तिचा दम... म्हंजे पंचानं शिट्टी वाजवली, तं मंग गावात लोक काय म्हनतीन? पोरीची जात हाय. नाव पडलं तं जनमभर राह्यते."

संगी, मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. जनमभर राहतं! हे तो मला सांगत होता! मला!

"कोनते लोक बे?" मी म्हटलं. "गावात नावं ठेवनारे लोक कोन हाय? तूच हायेस ना लोक! त्या पानठेल्यावर दुसरं कोन बसते? दमतुटी हे नाव हौदातून निंघालं होतं का?"

मी उंबऱ्यापर्यंत पुढे आले.

"तुले पोट्टीची काळजी नाई, गजू. तुले भेव हाय का तू जसा हसला तसं आता तुले कोनी हसंन. बस, एवढंच भेव हाय तुहं."

"तसं नाई ताई..."

"ताई म्हनू नको. रेखाच म्हन. निंघ आता, दळनं पडली हाय."

तो निघाला, आणि मला स्वतःचाच संताप आला, की एवढ्याशा माणसावर मी इतकी वर्षं इतका राग खर्च केला. अगं, राग सुद्धा जरा लायक माणसावर करावा! मी गिरणीला कुलूप लावलं आणि शाळेमागच्या पटांगणाकडे चालू लागले. कोमलला तिच्या बापाचा सगळा पराक्रम सांगायचा, असं ठरवूनच.

जवळ गेले तर डब्यांचा आवाज. पत्र्याचे डबे, थाळ्या, एक जुनं घमेलं. संघातल्या निम्म्या मुली रेषेला चिकटून बसल्या होत्या आणि जीव खाऊन बडवत होत्या. मधे कोमल चढाई करत होती. मी मागे असं कितीदा तरी दुरून ऐकलं होतं. वाटायचं, पोरी खेळ संपला की दंगा करतात.

मला पाहून कोमल थांबली. "मावशी, बाबा आले असतीन ना गिरनीवर? मलेबी सांगून पाह्यलं त्याईनं, पाय मुरगळला म्हन."

"मंग? तू काय म्हनली?"

"काय म्हनू? मी चढाई करते ना, लंगडी थोडी खेळते." आणि ती हसली. मान तिरपी करून, गं! मला एकदम कसंतरीच झालं.

मी विचारलं, हे डबे कशाला?

"संगी मावशीनंच लावले," ती म्हणाली. "मी आठवीत होती तवापासून. मावशी म्हने, एक दिवस तुमी त्या मैदानावर जासान. तथी पंचाले ऐकू येत नाई, तं त्याले दाखवाचं. ज्या बाजूले पंच उभा हाय त्याच बाजूनं आत शिराचं अन् त्याच बाजूनं वापस याचं. तोंड त्याच्याकडं. ओठ दिसले पाह्यजे. अन् रेषेवर आल्यावर बी म्हनत राहाचं, शिट्टी वाजेपर्यंत थांबाचं नाई. मावशी रोज डबे वाजवाची आमच्या कानात. आधी आमाले रडू ये."

मी तिथेच दगडावर बसले.

म्हणजे तू विसरली नव्हतीस! तू सोडून दिलं नव्हतंस! आम्हाला वाटायचं संगी हसते, संगी भोळी, संगीच्या मनात काही राहत नाही. आणि तू इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, त्या एका शिट्टीची तयारी करून घेत होतीस. हे मला का नाही सांगितलंस? मी तुझी कोण होते? तुझ्यावर रुसून बसले होते तेव्हा तरी सांगायचंस! मी तुझ्यासोबत डबे बडवायला आले असते, संगी. मला डबे बडवायला किती आवडलं असतं!

कोमलनं विचारलं, "मावशी, तुमी तवा होत्या ना तथी? खरंच तुटला होता का वं दम?"

"नाई," मी म्हटलं. "मी समोर होती. रेषा वलांडली तवाबी चालूच होता."

तेव्हा मागे चपलेचा आवाज आला. गजू. माझ्या मागोमाग आला असणार, मी काय सांगते ते ऐकायला. त्यानं माझं उत्तर ऐकलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कोमल त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही पोरीनं. म्हणाली, "बाबा, तुमाले लाज वाटत असंन तं तुमी येऊ नका. घरीच राहा. मी जाऊन राह्यली." आणि पुन्हा मध्यरेषेवर गेली. "वाजवा गं!" म्हणाली, आणि डबे पुन्हा सुरू झाले.

गजू आल्या वाटेनं परत गेला. मी काही त्याची कीव केली नाही. मला जमलं नाही आणि जमवायचंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी प्रल्हाद भाऊजींकडे गेले. त्यांची काळीपिवळी जीप अंगणात उभी होती. तू गेल्यापासून ते फार बोलत नाहीत, ते तुला माहीत असेलच. मी म्हटलं, भाऊजी, बाया न्यायच्या आहेत, पोट्ट्यांच्या सामन्याला. ते उठले, जीपचं मागचं दार उघडून सीटवरची धूळ झटकायला लागले. तेच त्यांचं उत्तर.

मग मी घरोघर फिरले. तुला वाटेल, कोण येणार? अगं, जीप पुरत नाही! पोरींच्या आया, तुझ्या अंगणवाडीतली मदतनीस, आपल्या संघातली ती उंच वंदा, जी आता पिंपळगाव राजाला भाजीचं दुकान लावते, तीसुद्धा. आणि कोमलची आई सुमन. तिनं आजवर पोरीचा एकही सामना पाहिला नाही, नवऱ्याला आवडत नाही म्हणून. मी दारात उभी राहिले आणि काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "किती वाजता निंघाचं?" नवऱ्याला विचारलं का, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "त्याईनं मले इचारून नाव ठेवलं होतं का संगीबाईले?"

बघ! घरात बसून तीही ऐकत होती सगळं.

पानठेल्यावर आता नवीन विषय आहे. "बाया चालल्या मॅच पाह्याले! तथी रडून येतीन!" मी काल समोरून गेले तर एकानं विचारलं, "रेखाबाई, सामन्याच्या दिवशी गिरनी बंद ठेवसान का?" म्हटलं, हाव, बंद. तो म्हणाला, मंग आमच्या पोळ्यांचं काय? त्याला सामन्याची नाही, गावाच्या इज्जतीची नाही, पोळ्यांची चिंता! असली ही फौज. ही सोबत येत नाही हे आपलं नशीबच म्हणायचं.

आज सकाळी गजू पुन्हा आला. यावेळी ज्वारीचा डबा होता हातात, पण तो काही दळायला आणलेला नव्हता, ते मला कळत होतं. डबा खाली ठेवून म्हणाला, "जीपमंदी जागा हाय का एक?"

"कोनासाठी?"

"मी येतो. मागं बसीन, पायदानावर." मग अगदी हळू, "मी तवा तथी नव्हतो ना, रेखा. मी काई पाह्यलंच नव्हतं."

हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, सिनेमाच्या तिकिटवाल्याला माहीत होतं. पण त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. तुला वाटेल, इथे मी विरघळले. मुळीच नाही!

मी म्हटलं, "तवा तू नव्हता. उद्या राहाय. पन एक गोठ ध्यानात ठेव. तथी ते लोक तुह्या पोट्टीले पाहून ओरडतीन, 'दम तुटला, दम तुटला.' हजार मानसं. डबे वाजवून. तवा कानावर हात ठेवाचे नाई. उठून चहा प्याले जायाचं नाई. बसून पुरं ऐकाचं."

त्यानं मान हलवली. डोळे ओले होते की सुपारीचा ठसका लागला होता, मी पाहिलं नाही. त्याची ज्वारी दळून दिली. बारीक.

संगी, उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. तिथली पब्लिक बदललेली नसणार. पंच कोण असेल कोण जाणे. पोट्ट्या हरूही शकतात, खरोखरीच हरू शकतात, कारण समोरचा संघ तगडा आहे आणि आपल्या डाव्या कोपऱ्यातली पोरगी अजून घाईनं उडी घालते. मी तिला सांगितलं आहे, गुडघा आधी, हात मग. माझ्या छातीत आत्तापासून धडधड चालू आहे. या वयात, गिरणीवालीच्या छातीत! तू असतीस तर हसली असतीस.

तू गजूला केव्हाच माफ करून मोकळी झाली होतीस. ते तुझं तू जाण. मी करणार नाही, माझ्याकडून तशी आशाही ठेवू नकोस. पण दोन गोष्टींचं वचन देते. उद्या मी पंचाच्या अगदी पाठीशी बसेन आणि कोमलच्या ओठांवरची नजर हलवणार नाही. तो म्हणाला ऐकू आलं नाही, तर यावेळी आम्ही जीपभर बाया उठून उभ्या राहू आणि त्याला सांगू, काय ऐकू आलं ते. आणि दुसरं. कोमल जिंकून येवो की हरून, या गावात तिला कुणी एक जरी नाव ठेवलं, तर त्याच्या घरचा दाणा माझ्या गिरणीत पडणार नाही. खुशाल अख्खी ज्वारी चावून खाऊ देत.

लाइट आली बघ. लोक ओरडायला लागले. ठेवते.

तुझीच,
रेखी
(डावा कोपरा)